पाचटाची राख की कोळसा?

ऊसतोड उरकली की दौंड-बारामतीकडे रिकाम्या फडात पाचट पेटवून देतात. हेक्टरी साधारण 10 टन वाळका पाला बघता बघता राख होतो. तोच पाला हवा लागू न देता तापवला, तर त्याचा कोळसा होतो. हे कार्बनीकरण.

जळताना पाल्यातला कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो; खाली राहते ती खनिजांची राख. बंद डब्यात उष्णता पोचते, ऑक्सिजन पोचत नाही. आधी पाण्याची वाफ होते. 200 अंश सेल्सिअसच्या पुढे पाल्याच्या पेशींच्या भिंती घडवणारे हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोजचे लांबलचक रेणू तुटायला लागतात. त्याच भिंतींना ताठपणा देणारं लिग्निन सगळ्यांत चिवट. हायड्रोजन, ऑक्सिजन आणि काही कार्बनही वायू आणि डांबराच्या वाफा होऊन बाहेर पडतो. मागे राहतो तो मुख्यतः कार्बन.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' (ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान घडवणाऱ्या) संस्थेने याच तत्त्वावर पाचटाची भट्टी उभी केली. त्यासाठी 2002 साली संस्थेला शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भट्टीत पाचट ठासून भरलेले बंद डबे ठेवतात आणि खाली थोडं पाचट पेटवतात. डबे तापले की आतला वायू तळाच्या भोकांतून बाहेर येतो आणि तिथेच पेट घेतो. मला यातलं सगळ्यांत सुंदर वाटतं ते हेच: पुढची आच पाचट स्वतःच पुरवतं, आणि एरवी डोळ्यांत जाणारा धूर इंधन म्हणून कामी येतो. निघालेली काळी भुकटी खळीत मळून कांड्या पाडतात. या कांड्या जवळजवळ धूर न करता जळतात. (शेगडी मात्र बंद खोलीत नकोच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.) पाचट शेतातच कुजवलं तर उत्तमच, पण जे पेटवलंच जाणार आहे त्याचा कोळसा झालेला बरा.

असा कार्बन कुजतही नाही, कारण जिवाणूंना तो सहजासहजी पचत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे जवाचे दाणे मिळाले, ते करपून कोळसा झाले होते म्हणूनच. न करपलेलं धान्य कधीच मातीत मिसळून गेलं असतं, आणि तिथले शेतकरी काय पिकवत होते हे कळायला फार थोडं उरलं असतं.