कॉन्कॉर्ड अपघातामुळे बंद पडलं नाही

‘पॅरिसला अपघात झाला आणि आवाजापेक्षा वेगाने उडणारं कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान कायमचं बंद पडलं’ ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की खरीच वाटते. पण जरा तारखा बघा. अपघात २५ जुलै २००० चा. धावपट्टीवर दुसऱ्या विमानाची धातूची पट्टी पडली होती. तिने टायर फुटला, रबराचा मोठा तुकडा पंखाखाली आदळला, टाकी फुटली आणि इंधनाने पेट घेतला. ११३ माणसं गेली.

पुढचं मात्र कुणी सांगत नाही. टाक्यांना आतून केव्हलार या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचं अस्तर बसवलं, टायर नव्या प्रकारचे घातले आणि ७ नोव्हेंबर २००१ला प्रवासी घेऊन कॉन्कॉर्ड पुन्हा न्यूयॉर्कला निघालं!

खरा घात पैशाने केला. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर महागडी तिकिटं काढणारे रोडावले, देखभालीचा खर्च वाढत गेला आणि विमानं बनवणाऱ्या एअरबस कंपनीने सुट्या भागांचा पाठिंबा काढायचं ठरवलं. इनमिन चौदा विमानं सेवेत आलेली, त्यांच्यासाठी कोण कारखाना चालू ठेवणार? एअर फ्रान्सने मे २००३मध्ये उड्डाणं थांबवली, ब्रिटिश एअरवेजने २४ ऑक्टोबरला.