गर्भाची वाढ मोजायची कुणाच्या पट्टीने?

पुण्यातल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात शिरलं की आधी पाटी दिसते: 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' मग कायद्याने भरावा लागणारा 'एफ' फॉर्म, सही, आणि पोटावर थंडगार जेली. महाराष्ट्रात गर्भाच्या चित्रणाचा विषय निघाला की बोलणं या पाटीपाशीच थांबतं. त्याला सबळ कारण आहे. पण या यंत्राचं रोजचं काम गर्भाची वाढ वाचण्याचं, आणि त्यात पुणे जिल्ह्याने घातलेली भर फारशी कुणी सांगत नाही.

सोनोग्राफीच्या आधी गर्भ बघायला एक्स-रे होता. ऑक्सफर्डच्या ॲलिस स्टुअर्ट यांनी कॅन्सरने दगावलेल्या मुलांच्या आयांकडून माहिती गोळा केली आणि 1956 व 1958 मध्ये दाखवून दिलं की पोटात असताना एक्स-रे झालेल्या मुलांत हा धोका जास्त असतो. डॉक्टरांना ते पटायला बरीच वर्षं लागली. त्याच 1958 मध्ये ग्लासगोचे इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. धातूतल्या चिरा शोधायला कारखान्यात वापरतात त्या ध्वनिलहरी त्यांनी रुग्णांच्या पोटावर वापरल्या होत्या.

चित्र मिळालं, मागोमाग मापं आली. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी; रिपोर्टात बीपीडी, एचसी, एसी, एफएल. हाडाच्या दोन टोकांना दोन फुल्या ठेवल्या की मशीन लांबी देतं, आणि गर्भ किती आठवड्यांचा, वजन अंदाजे किती, हेही सांगतं. पण कशाच्या आधारावर? अनेक मशिनमध्ये ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक यांची 1980च्या दशकातली सूत्रं असतात, अमेरिकी गर्भवतींच्या मापांवरून काढलेली. दिवस भरत आले तरी शेतात राबणाऱ्या आपल्याकडच्या बाईच्या बाळाला ती कितपत लागू पडतात?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने 1993 मध्ये जिल्ह्यातल्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. गर्भवतींचा आहार, काम, रक्त तपासलं, सोनोग्राफीने गर्भ मोजले. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये ते 3.5 च्या आसपास. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ हाडकुळं, तरी अंगात चरबी राखून असलेलं. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट इथूनच निघत असावी, असं याज्ञिक मांडत आले. याच गर्भांची युरोपीय मापांशी तुलना केली, तेव्हा गर्भारपणाच्या मध्यावरच ते लहान असल्याचं दिसलं. आणि ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त, त्यांची बाळं आकाराने मोठी होती.

म्हणून 'आपली बाळं लहानच असतात, आपली पट्टी वेगळी करा' हा युक्तिवाद मला मान्य नाही. अशी पट्टी उपासमारीलाच नॉर्मल ठरवेल. 2014 मध्ये आठ देशांच्या अभ्यासातून गर्भवाढीची नवी मानकं आली. त्यात भारताकडून नागपूर होतं. निरोगी, नीट खाऊन-पिऊन असलेल्या आयाच निवडल्या, तर देशोदेशीच्या गर्भांची वाढ पुष्कळशी सारखी निघाली.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्राने 1988 मध्ये, केंद्राने 1994 मध्ये गर्भलिंग निदान रोखणारा कायदा केला. अंमलबजावणी ढिली म्हणून 2000 मध्ये पुण्याची 'मासूम', मुंबईची 'सेहत' या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 च्या 913 वरून 2011 मध्ये 894 वर आल्या.

गर्भाचं एमआरआय 1983 पासून होऊ लागलं, पण बाळ हललं की चित्र पुसट यायचं. 1990च्या दशकात एकेक चित्र सेकंदाभरात टिपता येऊ लागलं, आणि सोनोग्राफीत मेंदूविषयी शंका आली तर हा आधार मिळाला.

त्या सहा गावांतल्या मुलांच्या अंगातली चरबी सहाव्या वर्षी डेक्सा स्कॅनने, म्हणजे अंगातली चरबी, हाडं मोजणाऱ्या सौम्य एक्स-रेने, मोजली. गर्भारपणात आईच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व जास्त आणि बी-12 हे जीवनसत्त्व कमी असेल, तर मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त आढळली. त्यावरून 2012 पासून याच मुला-मुलींना, ते स्वतः आईबाप होण्याआधीच, बी-12 देण्याची चाचणी सुरू झाली.