सीमेन्स, वेर्नर फोन : तोफखान्यातील कारकीर्द

सीमेन्स, वेर्नर फोन : (१३ डिसेंबर १८१६ – ६ डिसेंबर १८९२). प्रशियन (प्रशिया हे त्या काळचे जर्मन राज्य) तोफखान्यातील अधिकारी, विद्युत् अभियंता व उद्योजक. विद्युत् संवाहकतेच्या एककाला त्यांचे नाव दिलेले आहे. त्यांची ओळख बहुधा कारखानदार म्हणूनच करून दिली जाते. पण वयाच्या अठराव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत ते लष्करी गणवेशात होते आणि पुढच्या बहुतेक कामांची मुळे त्याच काळात सापडतात. म्हणून या नोंदीत त्या वर्षांना अधिक जागा दिली आहे.

जन्म हॅनोव्हरजवळच्या लेंट गावी. वडील खंडाने जमीन घेऊन शेती करीत. चौदा भावंडांच्या घरात प्रतिष्ठा होती, पण पैसा नव्हता. ल्यूबेकच्या शाळेत वेर्नर यांचे मन ग्रीक भाषेपेक्षा गणितात आणि जमीनमोजणीत रमे. बर्लिनच्या बांधकाम अकादमीत शिकण्याची इच्छा होती, परंतु तो खर्च झेपणारा नव्हता. प्रशियन सैन्यात अभियांत्रिकी दलाचा रस्ता धरला तर जवळपास तेच शिक्षण फुकट मिळेल, असे कोणीतरी सुचवले, आणि १८३४ मध्ये ते घरून बर्लिनला पायी निघाले. अभियांत्रिकी दलात जागेसाठी मोठी रांग होती. तेव्हा तोफखान्यात जा, तिथले अधिकारीही त्याच शाळेत शिकतात, असा सल्ला मिळाला. अशा रीतीने ते माग्डेबुर्गच्या ब्रिगेडमध्ये दाखल झाले.

हा योगायोग त्यांच्या पथ्यावर पडला. तोफखान्यात घराण्यापेक्षा गणिताला किंमत होती. गोळ्याचा मार्ग काढायचा तर गणित हवे, दारू समजायची तर रसायनशास्त्र हवे. त्यामुळे सरदार घराण्यांबाहेरच्या मुलांना इथे पायदळापेक्षा किंवा घोडदळापेक्षा अधिक वाव मिळे. १८३५ ते १८३८ या काळात बर्लिनच्या तोफखाना व अभियांत्रिकी शाळेत त्यांना मार्टिन ओम (‘ओमचा नियम’ मांडणाऱ्या गेओर्ग ओम यांचे धाकटे बंधू) यांनी गणित आणि माग्नुस यांनी भौतिकी शिकवली. १८३८ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट झाले. पुढच्याच वर्षी आई गेली आणि १८४० मध्ये वडील. धाकट्या भावंडांचा भार लेफ्टनंटच्या तुटपुंज्या पगारावर आला. शोध लावून पैसे मिळवले पाहिजेत, ही त्यांची निकड इथून सुरू होते आणि ती समजून घेतल्याशिवाय त्यांचे चरित्र नीट कळत नाही.

विटेनबर्गला बदली झाल्यावर तोफा डागण्यासाठी घर्षणाने पेटणारी नळी तयार करण्याच्या खटपटीत मिश्रणाचा स्फोट झाला आणि त्यांच्या कानाचा पडदा फाटला. त्याच सुमारास एका द्वंद्वयुद्धात ते मित्राचे साक्षीदार म्हणून उभे राहिले. द्वंद्वयुद्धाला कायद्याने बंदी असल्याने लष्करी न्यायालयाने त्यांना किल्ल्यातील कैदेची शिक्षा ठोठावली आणि त्यांची रवानगी माग्डेबुर्गच्या गढीत झाली. तिथे त्यांनी बाहेरून रसायने आणि उपकरणे चोरून मागवली व कोठडीची प्रयोगशाळा केली. जर्मन सिल्व्हरचा एक चमचा द्रावणात बुडवून विद्युत् घटाच्या एका टोकाला जोडला, दुसऱ्या टोकाला लुईदोर हे सोन्याचे नाणे. काही मिनिटांत चमच्यावर सोन्याचा झळझळीत मुलामा चढला. काम रंगात आले असतानाच राजाकडून माफी आली. प्रयोग पुरे होईपर्यंत आणखी थोडे दिवस इथेच राहू द्यावे, असा अर्ज त्यांनी केला, तेव्हा किल्लेदार संतापला आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्यांना कोठडीतून बाहेर काढण्यात आले. या पद्धतीचे प्रशियन पेटंट त्यांना १८४२ मध्ये मिळाले. धाकटे बंधू विल्हेल्म यांनी इंग्लंडला जाऊन ती बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांना विकली, आणि घराला पहिला मोठा आधार मिळाला.

नंतर श्पांडाऊ येथे शोभेच्या दारूकामाचे आणि मग बर्लिनच्या तोफखाना कारखान्यात काम मिळाले. १८४६ मध्ये गनकॉटन या कापसापासून केलेल्या स्फोटकावर प्रयोग करताना प्रयोगशाळेच्या खिडक्या उडाल्या. त्याच वर्षी त्यांनी काट्याने अक्षर दाखवणारे तारायंत्र बनवले. त्याचा पहिला नमुना सिगारचे खोके, पत्रा, लोखंडाचे तुकडे आणि तांब्याची तार यांतून उभा राहिला होता. कसबी यंत्रकार योहान गेओर्ग हाल्स्के यांच्याबरोबर ऑक्टोबर १८४७ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये तारायंत्रांचा कारखाना काढला, तेव्हा ते नोकरीतच होते. मलायाकडून येणाऱ्या गटापर्चा या चिकाचे वेष्टन तारेवर दाबून चढवण्याची युक्तीही याच काळातली. तिच्यामुळे तार जमिनीखालून नेता आली.

१८४८ मध्ये डेन्मार्कशी युद्ध पेटले. डॅनिश आरमार कील बंदरावर तोफा डागेल अशी धास्ती होती. सीमेन्स यांनी दारूने भरलेले सुरुंग बंदराच्या तोंडाशी पाण्यात सोडले. गटापर्चाने मढवलेल्या तारांतून वीज सोडून किनाऱ्यावरून ते उडवण्याची सोय होती. बंदराच्या तोंडाशी असलेला फ्रीड्रिक्सऑर्टचा किल्ला त्यांनी स्वयंसेवक नागरिकांना घेऊन ताब्यात घेतला. त्या वेळी एक सुरुंग वेळेआधीच उडाला, आणि त्याचा दरारा शत्रूच्या गोटापर्यंत पोचला. कीलवर हल्ला झाला नाही. एकर्नफर्डे येथील तोफांचे मोर्चे बांधण्यातही त्यांचा हात होता. त्या बंदरात ५ एप्रिल १८४९ रोजी किनाऱ्यावरच्या तोफांनी ‘ख्रिस्तियान आठवा’ हे मोठे डॅनिश जहाज उडवले आणि ‘गेफिओन’ हे दुसरे जहाज शरण आले.

त्याच सुमारास त्यांनी उभारलेली बर्लिन–फ्रँकफुर्ट तारवाहिनी सुरू झाली होती. २८ मार्च १८४९ रोजी फ्रँकफुर्टच्या जर्मन संसदेने प्रशियाच्या राजाला जर्मनीचा सम्राट म्हणून निवडल्याची बातमी तिच्यावरून तासाभरात बर्लिनला पोचली. जूनमध्ये सीमेन्स यांनी लष्कर सोडले. त्यांचा हुद्दा अजून लेफ्टनंटचाच होता.

पुढचा इतिहास परिचित आहे. १८६६ मध्ये डायनॅमोचे (फिरवल्यावर वीज निर्माण करणाऱ्या यंत्राचे) तत्त्व, आणि १८७० मध्ये लंडनहून तेहरानमार्गे कलकत्त्याला जोडणारी सुमारे ११,००० किमी लांबीची तारवाहिनी. १२ एप्रिल १८७० रोजी लंडनहून निघालेला संदेश २८ मिनिटांत कलकत्त्याला पोचला. १८८८ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली.

१६ मे १८८१ रोजी बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड येथे सीमेन्स यांची विजेची ट्राम प्रवाशांसाठी धावू लागली. तिचा मार्ग रेल्वे स्थानकापासून प्रशियन सैन्याच्या मुख्य कॅडेट शाळेपर्यंत होता.