दोन येरवडे: सोलापूरच्या कैदी बायकांच्या मानसिक आरोग्याची पार्श्वभूमी

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा आजही पत्ता आहे. हे नाव ब्रिटिशांच्या तारेच्या कुंपणातून आलं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 साली नव्या रूपात मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारधी, कैकाडी अशा जमातींची कुटुंबंच्या कुटुंबं इथे आणून ठेवली गेली. त्या कायद्यात मुलांना आईबापांपासून काढून वेगळं ठेवण्याचीही तरतूद होती. कायदा 1952 साली रद्द झाला. तुरुंगातल्या बायकांच्या मनाबद्दल लिहिताना मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. खटला नाही, शिक्षा नाही, तरी कोंडलेली बाई आणि तिच्यापासून तोडलेलं लेकरू, हे दुःख या शहराने तुरुंगाच्या भिंतीबाहेरही पाहिलं आहे.

तुरुंगासाठी 1894 चा कायदा होता. बायकांना पुरुषांपासून वेगळं ठेवा, असं त्यात होतं. तुरुंगातल्या शिस्तीचा कैद्याच्या मनावर वाईट परिणाम होतोय असं वाटलं तर डॉक्टरने अधीक्षकाला कळवायचं, यापलीकडे मनाचा फारसा विचार नव्हता. मनासाठी 1912 चा ‘ल्युनसी ॲक्ट’, म्हणजे मनोरुग्णांबाबतचा कायदा, आला, पण त्याचा रोख उपचारांपेक्षा बंदोबस्तावर होता. पुण्याचं मनोरुग्णालय येरवड्यात, मध्यवर्ती कारागृहही येरवड्यातच. त्यामुळे सोलापूरकराच्या तोंडी ‘येरवड्याला पाठवलं’ याचे दोन अर्थ होऊ शकतात आणि दोन्ही घराण्याला बट्टा लावणारे. बाईच्या वाट्याला कधी कधी दोन्ही येतात.

बायका स्वतः बोलल्या तेव्हा चित्र हललं. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात 15 बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. 1983 च्या निकालाने बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला पोलिसांचा पहारा आणि कायदेशीर मदत यांचे आदेश दिले. 1987 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर समितीने महिला कैद्यांवर स्वतंत्र अहवाल दिला. बारसे यांच्याच दुसऱ्या याचिकेवर 1993 साली न्यायालयाने सांगितलं की, गुन्हा नसताना केवळ मानसिक आजार आहे म्हणून कोणाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. ते प्रकरण पश्चिम बंगालचं. स्वातंत्र्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी हे सांगावं लागलं, याचा मला अजूनही संताप येतो.

2006 साली आईसोबत तुरुंगात राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. 2010 साली संयुक्त राष्ट्रांच्या ‘बँकॉक नियमां’नी बाईच्या मानसिक त्रासाकडे, आधी सोसलेल्या हिंसेसकट, स्वतंत्रपणे पाहायला सांगितलं. मग 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानावं, प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय असावी, हे त्यात आहे. पण याच कायद्याच्या कलम 103 मध्ये एक गोष्ट खटकते. तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य आढावा मंडळाला अहवाल द्यायचा, तो ‘आमच्याकडे मानसिक आजार असलेला कैदी नाही’ असं प्रमाणित करणारा. उत्तर आधीच लिहून दिल्यासारखं आहे. आरडाओरडा करणारी बाई निदान दिसते तरी. जी जेवण टाकते, रात्र रात्र जागते, कोपरा धरून बसते, ती या कागदात कुठून येणार?

2022 अखेर देशात 5,73,220 कैदी होते आणि त्यांत बायका 23,772, म्हणजे शंभरात चार. संख्या थोडी म्हणून सोयीही थोड्या, आणि म्हणूनच त्यांना घरापासून लांब हलवलं जातं. एकूण कैद्यांपैकी दर चारात तिघे कच्चे कैदी, म्हणजे निकाल न लागलेले. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. पुरुष आत गेला तर बायको, आई डबा घेऊन मुलाकातीला येते. बाई आत गेली की माहेर गप्प, सासर गप्प. विडी वळून घर चालवणारी आत गेली तर मजुरी थांबते आणि पोरं कोणाकडे तरी राहतात. ती कोणाकडे आहेत हे न कळणं, हाच तिचा मोठा आजार असतो.

सोलापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, भाषेची. इथल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट भागात कन्नड, शहरात दखनी उर्दू. स्थानिक तुरुंगात निदान पहाऱ्यावरच्या कोणाला तरी ती भाषा समजते. अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यात समुपदेशक मराठी-हिंदीत विचारतो, ‘झोप येते का?’ ती मान हलवते आणि नोंद होते: तक्रार नाही. तेलुगू-कन्नड जाणणारी समुपदेशक सोलापुरातच नेमली आणि ज्या कैदी बाईला मुलाकात येत नाही तिच्या घरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेची) कार्यकर्ती जाऊन पोरांची खबर घेऊन आली, तर याला नव्या कायद्याची गरज नाही. 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार, जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाला कळवायचंच आहे. त्याच वेळी पोरांचीही चौकशी करता येईल.