पऱ्या बांधला, सड्याचं काय?

दिवाळी उरकली की आमच्या वाडीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांची शोधाशोध सुरू होते. ज्याच्या घराचं काम चाललंय, त्याच्याकडे पहिली फेरी. गोणी माती-वाळूने भरायची ती पाऊणच. तोंडापर्यंत भरली तर ती गोल राहते, दुसरीवर नीट बसत नाही आणि फटीतून पाणी निसटतं. सुतळीने तोंड शिवायचं, पऱ्यात, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यात, आडव्या दोन रांगा लावायच्या, वरच्या थराची गोणी खालच्या दोघींच्या सांध्यावर, चिऱ्याच्या भिंतीत लावतात तशी. मधल्या जागेत चिकणमाती ठेचून भरायची. सकाळी सुरुवात केली तर चहाच्या वेळेपर्यंत पाणी वर चढलेलं असतं आणि पोरं त्यात उड्या मारत असतात. हा वनराई बंधारा.

मुहूर्त मात्र साधावा लागतो. एके वर्षी घाई केली आणि परतीच्या पावसाने एका रात्रीत गोण्या खाडीच्या वाटेला लावल्या. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही.

बंधाऱ्यामागे साठतं ते पाणी कमरेएवढं. त्यावर उन्हाळा निघत नाही, हे कुणालाही दिसतं. तरी काठच्या विहिरी पुढे बरेच दिवस टिकतात. आम्ही म्हणतो, विहिरीला पाणी वाढलं. खरं तर विहिरीतलं जायचं पाणी थांबलेलं असतं. पाऊस संपल्यावर पऱ्या वाहतो तो डोंगराच्या पोटातल्या पाण्यावर. जमिनीखालचं पाणी उंचावरून सखलाकडे झिरपतं आणि आसपास सगळ्यात सखल असतो तो पऱ्या. दोन्हीकडच्या पातळ्यांत जितका फरक, तितका झिरपण्याचा जोर. पऱ्याची पातळी मीटरभर वर आली की तो फरक कमी होतो आणि भूजल बाहेर पडायची घाई करत नाही. उलट काठच्या मातीतही थोडं पाणी शिरून राहतं. बंधारा ही टाकी नव्हे. डोंगराच्या नळाची तोटी थोडी आवळणं आहे.

पण नळाला पाणी वरून यायला हवं ना!

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्यावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी कोसळतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर, एका गुंठ्यावर. आणि मे महिन्यात त्याच गुंठ्याशेजारच्या रस्त्यावर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली.

एक कारण सह्याद्रीचं. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या आपल्या नद्या आखूड आणि उताराच्या. घाटमाथ्यावरचा पाऊस काही तासांत खाडीला मिळतो. दुसरं कारण जांभा. हा दगड सच्छिद्र, पाणी पटकन पितो. त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा थर असतो, तिथे पाणी अडतं आणि जांभ्याच्या पायथ्याशी झरा म्हणून बाहेर येतं. तुमच्या वाडीचा पाणवठा पाहा, बहुधा अशाच जागी सापडेल. म्हणजे झऱ्याचं भांडं आहे वरचा सडा, जांभ्याचं सपाट पठार. त्यावरचे खोलगट भाग, गवत, कडेची झाडी पाण्याला रेंगाळायला लावतात. ती खरवडली की तेच पाणी माती घेऊन उतरतं, आणि ही माती खाली नदीचं पात्र उथळ करते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीच्या गाळावर खूप बोललं गेलं. गाळ उपसायलाच हवा, पण वरची माती सुटी असेपर्यंत तो पुन्हा येणार.

गावाने राखलं तर राहतं, याला आपल्याकडे जुने दाखले आहेत. देवराईतली पडलेली फांदीसुद्धा कुणी घरी नेत नाही आणि कित्येक देवराया नेमक्या झऱ्याच्या डोक्यावर आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या डोहातले महासीर देवीचे मासे मानतात, त्यांना कुणी हात लावत नाही. इतरत्र मात्र चढणीचे मासे, पोटात अंडी असतानाच, आपण टोपलीने धरतो. मला ते आवडतात हेही कबूल करतो.

सड्याला असा देव नाही. त्याला आहे सामाईक सातबारा. पऱ्यात उतरायला कुणाची सही लागत नाही, म्हणून श्रमदान तिथे होतं, फोटोही तिथेच निघतात. सड्यावर चर मारायचे, गुरं-वणवा रोखायचा किंवा चिरेखाणीला नाही म्हणायचं, तर पणजोबाच्या नावाखालच्या साऱ्या वारसांना विचारावं लागतं. निम्मे मुंबईत. त्यामुळे पाणलोटाची खरी बैठक ग्रामसभेत होत नाही, ती गणपतीत होते, चाकरमानी आले की, आरती आणि भजनाच्या मधल्या वेळात.

यंदा आम्ही तशी बसलो. पाच दिवसांचे गणपती गेले तोवर बरेच जण हो म्हणाले. एक चुलतभाऊ विसर्जनाच्या रात्रीच निघाला, त्याला आता शिमग्याला गाठायचं. तोवर गोण्या आहेतच. त्या मात्र मेअखेर न विसरता काढायच्या. उन्हाने विरलेलं प्लास्टिक पहिल्या पुरात फाटतं आणि चिंध्या थेट खाडीतल्या जाळ्यांत जातात.