रक्तपेढीतल्या स्टाफचं ट्रेनिंग : ही मागणी आली कुठून

रक्तपेढीच्या स्टाफला ट्रेनिंग पाहिजे असा विषय निघाला की बोलणं लगेच मशीनवर जातं. मला मात्र आधी गोव्यातलं म्हापसा आठवतं, १९८९ सालचं.

पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा नेमाने रक्तदान करणारा तरुण. त्याने दिलेलं रक्त एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालं, आणि कुणी समोर बसवून नीट समजावून सांगायच्या आधीच १४ फेब्रुवारीला पोलीस त्याला घेऊन गेले, मग म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये तो ६४ दिवस एकटा. तेव्हाचा गोव्याचा पब्लिक हेल्थ कायदाच तसा होता, पॉझिटिव्ह माणसाला वेगळं ठेवा म्हणणारा. आई लुसी डिसोझा हायकोर्टात गेली. सुटल्यावर त्याने पॉझिटिव्ह लोकांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून हात पुढे करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे आलं, आजही वाचताना पोटात कालवतं.

त्याच सुमारास देशात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही टेस्ट सक्तीची झाली. पण रक्त विकणारे प्रोफेशनल डोनर सगळीकडे होतेच. शेवटी १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने रक्तपेढ्यांवर मोठा निकाल दिला, १९९८ पासून रक्त विकणं बंद झालं, आणि त्याच निकालात रक्त घेणं, साठवणं, चढवणं या विषयाचे खास पोस्टग्रॅज्युएट कोर्स काढा असंही सांगितलं होतं, म्हणजे शिकलेली माणसं कमी आहेत हे कोर्टालाही दिसत होतं. २००२ ला राष्ट्रीय रक्त धोरण आलं. २०२० च्या नियमांत तर नावही ब्लड सेंटर झालं, पण बोलताना सगळे ब्लड बँकच म्हणतात.

नियमात अनुभवाची अट आहे, पण अनुभव म्हणजे नेमकं काय ते जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. माझी मावसबहीण डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत लागली, पहिला आठवडा सीनियरने तिच्याकडून एकच काम परत परत करून घेतलं, सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढायची, उजेडासमोर धरायची, तळाशी बसलेलं लाल पेशींचं बटण हलक्या हाताने सोडवायचं आणि बघायचं की गुठळ्या दिसतात की सगळं एकसारखं लाल होतंय. हात जरा जोरात हलला तर नाजूक गुठळी मोडते आणि न जुळणारं रक्त जुळलं असं वाचलं जातं! हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचंच. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला. नुसत्या पेशी तपासल्या तर तो चक्क ओ दिसतो, उलटं ग्रुपिंग, म्हणजे पेशंटचं सीरम (रक्तातलं पाणी) ओ पेशींशी तपासलं, तर सापडतो, आणि घाईत ती पायरी गाळून ओ रक्त दिलं तर पेशंट जाऊ शकतो. त्यात आता एका पिशवीचे घटक वेगळे करतात, लाल पेशी २ ते ६ डिग्रीला, प्लेटलेट्स २२ च्या आसपास सतत हलत्या ठेवायच्या आणि त्याही पाचच दिवस, म्हणजे काम वाढतच गेलंय. गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) ठिकाणी रात्री अपघाताची केस आली की हे सगळं घड्याळाकडे बघत करायचं.

हाताचं काम सीनियर शिकवतो. बोलायचं कोण शिकवणार? पॉझिटिव्ह डोनरला आयसीटीसीला, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राला, पाठवायचं असं गाइडलाइन सांगते, २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गुप्तताही बांधून घातलीय, पण पहिला फोन कुणीतरी करायचाच असतो. माझ्या बहिणीने केला तेव्हा तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. "सॅम्पल परत द्यायला याल का?" एवढंच ती म्हणाली, पलीकडून विचारलं, "का हो, काय झालं?", आणि रिसीव्हर हातात धरून ती नुसती गप्प राहिली.