दोन मॅचच्या मधल्या 15 मिनिटांत रोबोचं काय पाहायचं?
(रोबो रेस, रोबो सॉकर आणि लाइन फॉलोअरच्या विद्यार्थ्यांसाठी व सर-मॅडमसाठी)

हे पत्रक मॅचला नेताना टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या रोबोंवर "मोटर गेली" अशी चिठ्ठी असते. उघडल्यावर मोटर बहुधा शाबूत निघते आणि ढिला निघतो तो चाकाचा स्क्रू, नाहीतर तुटलेली निघते ती मोटरच्या पत्रीवरची वायर. म्हणून नवीन मोटर मागायच्या आधी खालच्या क्रमाने पाहा.

आधी बॅटरी काढा

रोबो मैदानातून आणला की नुसता स्विच बंद करून भागत नाही, बॅटरीचा प्लग काढा. स्विच ऑन असताना चाकात बोट घालणारे दर मोसमात भेटतात. प्लग काढला की लगेच दोन्ही मोटरना आणि ड्रायव्हरच्या (मोटरना करंट देणाऱ्या बोर्डाच्या) हीट सिंकला, म्हणजे गरमी बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, हात लावून पाहा. ही गरमी दोन मिनिटांत निवते आणि पुरावा जातो. एकच मोटर जास्त तापली असेल तर त्या बाजूचं चाक घासतंय किंवा गिअरबॉक्स अडकतोय. ड्रायव्हर चटका देत असेल तर त्याच्या कुवतीबाहेरच्या मोटरा त्याला जोडल्या आहेत.

बॅटरीबद्दल सविस्तर

बहुतेकांकडे 11.1 व्होल्टची तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी असते. पूर्ण भरल्यावर ती 12.6 व्होल्ट दाखवते, म्हणजे सेलमागे 4.2. व्होल्टेज दाखवणारा छोटा चेकर बॅटरीच्या बॅलन्सच्या पांढऱ्या प्लगला लावून प्रत्येक सेल वेगळा वाचा. एकही सेल 3.5 च्या खाली आला असेल तर बॅटरी बदलूनच पुढच्या मॅचला जा. बॅटरी उतरली की वाजणारा बजरही 3.5 वरच लावा. 3.0 च्या खाली गेलेली लिपो परत भरायच्या भानगडीत पडू नका. तीन सेलमध्ये 0.1 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर ती बॅटरी सरावाला ठेवा, मॅचला नको.

2200 एमएएचची बॅटरी 2.2 अँपिअरने भरायची, त्याला तासभर तरी लागतो. म्हणजे दोन मॅचच्या मध्ये चार्जिंग होत नाही, फक्त अदलाबदल होते. दिवसभराच्या स्पर्धेला तीन बॅटऱ्या लागतात. उतरवलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, हाताला गार लागली की मगच. चार्जिंग नेहमी बॅलन्स मोडवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), आणि जवळ माणूस बसलेला हवा. लाइट जाण्याची धास्ती असेल तर 12 व्होल्ट डीसी इनपुट असलेला चार्जर घ्या, तो गाडीच्या बॅटरीवरही चालतो.

फुगलेली बॅटरी टाचणीने टोचून "हवा काढायची" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पेट घेते. ती वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून आमच्याकडे आणून द्या, कचऱ्यात टाकू नका.

एस.टी.ने लातूर, नांदेडला जाताना बॅटऱ्या सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवा आणि प्लगच्या तोंडावर टेप लावा. सगळ्या एकाच लोखंडी पेटीत पान्यांबरोबर टाकायच्या नाहीत. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तर अजिबात नको.

चाक आणि ग्रब स्क्रू

मोटर फिरते पण रोबो जागचा हलत नाही, किंवा सरळ जाताना एका बाजूला ओढतो, तर पहिला संशय इथेच घ्या. चाक हातात धरून मागेपुढे हलवा. मोटरचा शाफ्ट आणि त्यावर चाक धरून ठेवणारा हब या दोघांवर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की हब घसरतोय, बाकी काही तपासायची गरज नाही.

हबला शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू म्हणजे ग्रब स्क्रू. एम3 ग्रब स्क्रूला 1.5 मिमीची आणि एम4 ला 2 मिमीची ॲलन की लागते. झिजलेल्या कीने जोर लावला की स्क्रूची षटकोनी खाच गोल होते आणि मग तो ड्रिल करूनच काढावा लागतो. चांगली की वेगळी ठेवा, मित्रांना उसनी देऊ नका! स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे. शाफ्ट पूर्ण गोल असेल तर घरीच कानसीने सपाट करून घ्या, गिअरबॉक्सचं तोंड फडक्याने झाकून, नाहीतर लोखंडाचा चुरा आत जातो. हबचे आटेच गेले असतील तर मैदानावर इलाज नाही, जादा हब सोबत असू द्या. तो लेथवर करून घ्यायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीत सहज होतो.

स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचं निळं थ्रेडलॉकर पूर्ण पकडायला 24 तास घेतं, तेव्हा ते आदल्या दिवशी लावा. दोन मॅचच्या मध्ये घाई असेल तर स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब पुरतो. ॲक्रिलिकच्या चेसिसवर मात्र थ्रेडलॉकर नको, शीट तडकते. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा) आणि वायसर वापरा.

रबराचे टायर प्रत्येक मॅचनंतर ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडच्या काळ्या रानाचा फुफाटा बंद हॉलमध्येही येतो, पकड निम्मी त्यानेच जाते.

मध्येच बंद पडतो, मग चालतो

यात तीन वेगळी दुखणी एकसारखी दिसतात.

रोबो थांबला, दोन-तीन मिनिटांनी आपोआप चालू झाला: ड्रायव्हर तापून स्वतःच बंद झाला. एल298 हा नेहमीचा ड्रायव्हर एका चॅनलला (एका मोटरला) 2 अँपिअरपर्यंतच आहे, आणि 1 अँपिअरलाच साधारण 2 व्होल्ट स्वतः खातो. जॉन्सन मोटर (रोबोत वापरतात ती गिअरची मोटर) अडकली की याहून बराच जास्त करंट ओढते. निदान 10 अँपिअरचा ड्रायव्हर लावा.

जोर लावताच बंद पडून लगेच चालू झाला, अर्डुइनो उनो बोर्डावरचा 13 नंबरचा एलईडी लुकलुकला: व्होल्टेज खाली बसून बोर्ड रीसेट झाला. बॅटरी उतरलेली, प्लग ढिला, किंवा 5 व्होल्टसाठी वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा बोर्ड) नाही. मोटरच्या दोन पत्र्यांमध्ये 104 चा (0.1 मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर नसेल तर मोटरचा विजेचा गोंगाटही बोर्ड पाडतो.

बोर्ड शांत आहे, पण एचसी-05 या ब्लूटूथ मॉड्यूलचा दिवा भरभर लुकलुकतोय: ब्लूटूथची जोडणी तुटली. जोडलेला असताना तो थांबून थांबून दोनदा लुकलुकतो. सगळ्या टीमचे मॉड्यूल एकाच नावाचे असतात, पिनही 1234. स्पर्धेआधी नाव बदला. अर्धा सेकंद कमांड आली नाही तर मोटरा थांबतील, असा कोड ठेवा. ॲपने कमांड सतत पाठवायला हवी, हे मात्र त्यासाठी गरजेचं.

वायरी सोल्डरच्या टोकाला लागूनच तुटतात. प्लास्टिकच्या आत तुटलेली वायर बाहेरून धड दिसते, म्हणून मल्टिमीटर बीपवर ठेवून वायर हलवत तपासा. वायर चेसिसला केबल टायने बांधा. गरम गोंदावर भिस्त ठेवू नका, उन्हाळ्यात तो मऊ पडून सुटतो.

लाइन सेन्सर जमिनीपासून 3 मिमीच्या आसपास ठेवा आणि मैदानावर, त्या वेळच्या उजेडात परत कॅलिब्रेट करा (काळ्या-पांढऱ्याचे आकडे नव्याने ठरवा). खिडकीतून ऊन येणाऱ्या हॉलमध्ये सकाळचे आकडे दुपारी चालत नाहीत.

मैदानावर सोल्डर गन घेऊन बसण्यापेक्षा मोटर, हब आणि चाक जोडलेला तयार संच सोबत ठेवा. चार स्क्रू, दोन वायरी, पाच मिनिटांचं काम.

दुरुस्तीला रोबो आणताना आधी सगळा उघडू नका. बॅटरी आणि रिमोट किंवा फोनवरचं ॲप सोबत आणा, आणि बिघाड झाला तेव्हा कुठला दिवा लुकलुकत होता ते कागदावर लिहून द्या.